भोंगा वाजला की खाली जायचं की वर?

आमच्या वसाहतीच्या बागेत एक टेकाड आहे. पुरुषभर उंचीचं, वर हरळी माजलेली, एका अंगाला कडुलिंब. तीन पिढ्यांची मुलं पुठ्ठ्यावर बसून त्यावरून घसरली. त्याच्या पोटात खोली आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. मला ठाऊक होतं, कारण डिसेंबर १९७१ च्या युद्धात, पाच वर्षांची असताना, मी आजीच्या मांडीवर बसून तिथे दोन-तीन रात्री काढल्या होत्या. आठवतं ते एवढंच: ओल्या सिमेंटचा वास, कानात कोंबलेला कापूस आणि अंधारात आजीची रामरक्षा. कापसामुळे शब्द ऐकू येत नव्हते, पण तिच्या छातीतला नाद माझ्या पाठीला जाणवत होता.

या हिवाळ्यात वसाहतीच्या सभेत ठराव आला. टेकाड सपाट करायचं, खालची खोली डबर टाकून बुजवायची आणि वर मोटारी लावायला जागा करायची. मी उभी राहून विरोध केला. एका तरुण शेजाऱ्याने विचारलं, "मावशी, आत काय आहे ते तरी बघितलंय का तुम्ही?" त्याचं बरोबर होतं. पन्नास वर्षांहून जास्त काळ मी त्या दारासमोरून फिरायला जात होते आणि एकदाही आत गेले नव्हते. सभेने पंधरा दिवस दिले.

बडोद्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यातली आमची ही वसाहत. दांडिया बाजारातल्या वाड्यातल्या दोन खोल्या सोडून आई-बाबा इथे राहायला आले तेव्हा इथे शेतं होती. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात पाकिस्तानी नौदलाने द्वारकेवर तोफा डागल्या. १९७१ मध्ये भुजच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले आणि माधापरच्या तीनशे बायकांनी ती ७२ तासांत पुन्हा उभी केली. तेलाच्या टाक्या ज्या गावात आहेत त्या गावाने आकाशाकडे बघून राहायचं असतं, हे त्या काळातल्या बडोदेकरांना कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. काचांवर कागदाच्या पट्ट्यांची फुली, दिव्यांना काळा कागद, मैदानात खंदक. आमच्या वसाहतीत खंदकावर सिमेंटचं छप्पर घालून वर माती लोटली होती, म्हणून तो टिकला. शाळांच्या मैदानांतले बाकीचे खंदक युद्ध संपल्यावर बुजले.

रविवारी सकाळी आम्ही पाच जण गेलो. कुलपाची किल्ली कुणाकडेच नव्हती. कटर लावून कुलूप कापावं लागलं. आठ पायऱ्या उतरलं की समोर भिंत, आणि मग वाट काटकोनात उजवीकडे वळते. लहानपणी मला ते वळण भीतिदायक वाटायचं. त्याचं कारण आता समजलं. बाहेर स्फोट झाला तर हवेचा दणका आणि उडालेले तुकडे सरळ रेषेत येतात, ते त्या समोरच्या भिंतीवर आदळावेत म्हणून वाट मोडलेली असते. वळणापुढे तीसेक फूट लांब आणि आठ फूट रुंद खोली. दोन्ही भिंतींना लागून सिमेंटचे बाक. छताला कंदील टांगायच्या दोन कड्या, हवेचे दोन नळ, त्यांतला एक मुळांनी भरलेला. भिंतीवर निळ्या रंगात गुजरातीत लिहिलेलं: शांति राखो, धक्कामुक्की न करो.

आणि सामान. सगळ्यांत वर गणेशोत्सवाच्या सजावटीचं थर्मोकोल, उंदरांनी कुरतडलेलं. त्याखाली एक पाट, एक मोडकी पेट्रोमॅक्स, वसाहतीच्या जुन्या ग्राहक भांडाराच्या वह्यांचे गठ्ठे. पाणी शिरून त्यांच्या विटा झाल्या होत्या. सामान बाजूला केल्यावर जमिनीवर गंजाची गोल वर्तुळं दिसली. रॉकेलचे डबे तिथे बरीच वर्षं ठेवले जात असणार. एका कोपऱ्यात छतापर्यंत काजळी होती, म्हणजे कधीतरी कुणीतरी तिथे चूल मांडून राहिलंही होतं. भिंतीवर गुडघ्याच्या वर एक मातकट रेघ, पावसाच्या पाण्याची.

खोलीच्या टोकाला भिंतीत लोखंडी पायऱ्या बसवलेल्या आहेत, एकावर एक. पुढचं दार ढिगाऱ्याने बंद झालं तर आतल्यांनी तिथून वर चढून बाहेर पडायचं. मी टॉर्च वर धरला. अकराव्या पायरीच्या वर विटा होत्या. नीट सांधलेल्या, वरून गिलावा केलेल्या.

वसाहतीतले सगळ्यांत जुने काका आता नव्वदीला टेकलेत. त्यांच्याकडे जाऊन विचारलं. ते म्हणाले, "अगं, तिथून आत उतरून पोरं रॉकेल चोरायची. मीच बुजवायला सांगितलं. चौऱ्याहत्तर की पंच्याहत्तर साली." थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेव्हा कुणाला वाटलं होतं पुन्हा लागेल म्हणून."

माझं म्हणणं त्या विटांपासून सुरू होतं. निवाऱ्यात रॉकेल ठेवलं याबद्दल माझी तक्रार नाही. गणपतीची आरास ठेवली याबद्दल तर नाहीच, उलट त्या आराशीमुळेच काही वर्षं तरी भाद्रपदात कुणीतरी ते दार उघडत राहिलं. कुणी गरजवंत तिथे चूल मांडून राहिला असेल तर त्यालाही मी दोष देणार नाही. तक्रार आहे ती एका वापराने दुसऱ्या वापराची वाट कायमची बुजवली याची, आणि ती बुजवली आहे हे पन्नास वर्षांत कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं याची. समजा, गेल्या वर्षी खरंच वेळ आली असती. टेकाडाची आठवण असलेल्या आम्हा चार म्हाताऱ्यांनी "चला, इथे खोली आहे" म्हणून साठ माणसं त्या खोलीत नेली असती, एकच दार असलेल्या, हवेचा एक नळ बंद असलेल्या खोलीत. आम्ही त्यांना वाचवायला म्हणून नेलं असतं.

युद्धासाठी जमिनीखाली बांधलेली जागा युद्धानंतर रिकामी राहत नाही. जगभर बहुधा हेच दिसतं. लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धात भुयारी रेल्वेच्या स्थानकांखाली आठ खोल निवारे खणले गेले, एकेकात सुमारे आठ हजार माणसांची सोय. जून १९४८ मध्ये एम्पायर विंडरश नावाच्या जहाजातून वेस्ट इंडीजमधले शेकडो लोक कामाच्या शोधात इंग्लंडमध्ये उतरले. त्यांतल्या ज्यांना राहायला जागा नव्हती अशा दोनशेहून अधिक जणांना क्लॅपम साउथच्या निवाऱ्यात उतरवलं गेलं. तिथून सगळ्यांत जवळचं रोजगार केंद्र ब्रिक्स्टन भागात होतं. माणसं तिथे कामाला लागली, तिथेच खोल्या घेऊन राहिली आणि ब्रिक्स्टन हे ब्रिटनमधल्या कॅरिबियन लोकांचं घर झालं. बॉम्बच्या भीतीने खणलेल्या एका भुयाराने शहराच्या एका भागाचा चेहरा ठरवला. आठांतल्या काहींमध्ये पुढे कागदपत्रं साठवली गेली, एकात तर दिव्यांच्या उजेडात पालेभाजी पिकवली गेली.

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं. मलबार हिलवरच्या राजभवनात ऑगस्ट २०१६ मध्ये भिंतीआड बंद झालेला ब्रिटिश काळातला बंकर सापडला. सुमारे १५० मीटर लांब, तेरा खोल्या, तोफगोळे आणि काडतुसं ठेवायच्या. २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झालं आणि २०२२ मध्ये त्याच बंकरात क्रांतिकारकांच्या आठवणींचं दालन उघडलं. ज्या सरकारने स्वतःच्या संरक्षणासाठी ती भिंत बांधली, त्या सरकारशी लढलेल्या वासुदेव बळवंत आणि चापेकर बंधूंची आठवण आज त्याच भिंतींमध्ये जपली जाते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पण संग्रहालय हे एखाददुसऱ्या जागेचं भाग्य. आमच्या टेकाडाखालच्या खोलीला तिकीट लावून कोण येणार? तिला रोजचं, साधं काम द्यावं लागेल.

हे रोजचं काम कसं द्यावं ते फिनलंडने दाखवलंय. जेमतेम ५६ लाखांच्या त्या देशात पन्नास हजारांवर निवारे आहेत आणि त्यांत ४८ लाख माणसं मावतात. हेलसिंकीत इटाकेस्कुस नावाच्या भागात खडक फोडून केलेला पोहण्याचा तलाव आहे. एरवी तिथे एका वेळी हजारभर माणसं पोहतात, आणि संकटात पाणी काढून टाकून ३,८०० माणसांना आसरा देता येतो. बाकीच्या निवाऱ्यांत मुलांची खेळघरं आहेत, मैदानं आहेत, वाहनतळ आहेत. अट एकच: ७२ तासांत जागा रिकामी करून निवारा म्हणून तयार झाली पाहिजे. कुणालाही तिथे काहीही करू देतात, पण बाहेर पडायच्या वाटेवर वीट लावू देत नाहीत. सिंगापूरमध्ये १९९७ च्या कायद्यानंतर नव्या घरांमध्ये जाड भिंतींची एक छोटी खोली आली. लोक तिच्यात तांदळाचे डबे आणि जुन्या बॅगा ठेवतात. ठेवू देत. दार जड पोलादी आहे आणि ते बंद होतं.

कोरा करकरीत, कुलूपबंद, रिकामा ठेवलेला निवारा हा सगळ्यांत सुरक्षित असं मला आधी वाटायचं. आता मत उलट झालंय. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न शहराने महामार्गाच्या बोगद्यात वीस हजार माणसांचा निवारा बांधला, १९७६ मध्ये तो उघडला. आत रुग्णालयापासून सगळं होतं. १९८७ मध्ये त्याची खरीखुरी तालीम घेतली तेव्हा शेकडो टनांच्या दारांपैकी एक नीट बंदच होईना. अकरा वर्षं तो कागदावर सज्ज होता. कामाच्या जागेचं दार रोज उघडतं आणि रोज लागतं, म्हणून ते अडलं की त्याच दिवशी कळतं. बडोद्याजवळ सेवासीला १५४३ सालची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, जमिनीखाली सात मजले. पाणी भरायला माणसं उतरत होती तोवर तिची पायरीन् पायरी झिजत होती आणि स्वच्छही राहत होती. सयाजीराव महाराजांनी आजव्याच्या तलावाचं पाणी नळाने शहरात आणलं, हे त्यांचं थोर काम. पण पाण्यासाठी खाली उतरायची सवय गेली आणि या भागातल्या वावींना कुणी वाली उरला नाही.

पायऱ्यांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण निवाऱ्याची चर्चा निघाली की लोक छताची जाडी विचारतात आणि जिन्याचं कुणी विचारत नाही. ३ मार्च १९४३ च्या रात्री लंडनच्या बेथनल ग्रीन स्थानकात १७३ माणसं मेली, त्यांत ६२ मुलं. एकही बॉम्ब पडला नव्हता. भोंगा झाल्यावर माणसं खाली उतरत होती, वरून एक अनोळखी मोठा आवाज झाला, गर्दी पुढे सरकली आणि पायऱ्यांच्या तळाशी कुणीतरी अडखळून पडलं. एकोणीस पायऱ्यांचा जिना, मिणमिणता एक दिवा, मध्ये धरायला कठडा नाही. काही मिनिटांत सगळं संपलं. तिथल्या पालिकेने आधीच कळवलं होतं की प्रवेशद्वार धोक्याचं आहे. बदल करायला पैसे मंजूर झाले नव्हते.

आपल्याकडे बॉम्बची वाटही बघावी लागत नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत राजेंद्रनगरला एका शिकवणीच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी तीन मुलं बुडाली. पुढच्याच महिन्यात आमची विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली. बडोद्यातल्या किती भोंयऱ्यांमध्ये किती मोटारी बुडाल्या ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आपण बडोद्याचे मराठी लोक तळघराला भोंयरं म्हणतो, गुजराती शब्द उचलून. नकाशात ते 'पार्किंग' असतं. प्रत्यक्षात कुठे गोदाम, कुठे दवाखाना, कुठे शिकवणीचे वर्ग, कुठे जिम. उतरायला एक चिंचोळा जिना आणि मोटारींचा उतार, ज्यातून पाणी सगळ्यांत आधी येतं.

७ मे २०२५ ला देशातल्या २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांमध्ये तालीम झाली. बडोदा त्यात पहिल्या श्रेणीत आहे, तेलशुद्धीकरणामुळे आणि रसायनांच्या कारखान्यांमुळे. दुपारी भोंगा वाजला. चढत-उतरत वाजणारा म्हणजे हल्ल्याचा इशारा आणि सलग एकसुरी म्हणजे धोका टळला, हे मला आजीच्या मांडीवर असल्यापासून ठाऊक आहे. आमच्या इमारतीत त्या वेळी काय झालं? माणसं गच्चीवर गेली. मोबाइल काढून सगळीकडे बघत उभी राहिली. संध्याकाळी अर्धा तास दिवे मालवले तेव्हा मुलं टाळ्या वाजवत होती. मी त्यांना दोष देत नाही. खाली जायला जागा आहे हे त्यांना कुणी सांगितलंय कुठे?

पण याच ठिकाणी माझ्या मनात दुसरी शंका आली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी आहे. समजा, सांगितलं असतं. समजा, दर वर्षी सराव करून लोकांच्या अंगवळणी पाडलं की भोंगा झाला की टेकाडाखाली जायचं. ११ नोव्हेंबर २०२४ ला कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनच्या टाकीचा स्फोट होऊन आग लागली, दोन कामगार गेले. धुराचा खांब शहरभर दिसत होता. बडोद्याच्या भोवती क्लोरीन आहे, गॅसच्या टाक्या आहेत, नंदेसरीसारख्या रसायनांच्या वसाहती आहेत. आपल्याकडे भोंगा वाजायचं जास्त शक्य असलेलं कारण विमान नव्हे, गळती आहे. क्लोरीन हवेपेक्षा जवळपास अडीच पट जड. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस जड. बेंझिनची वाफ जड. ते जमिनीलगत सरकतात आणि खड्ड्यात, गटारात, तळघरात जाऊन बसतात. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये जो वायू सुटला तोही हवेपेक्षा जड होता; जमिनीवर झोपलेल्यांच्या वाट्याला तो आधी आला. अशा वेळी भुयारात उतरणं म्हणजे विहिरीत उतरणं. तेव्हा वर जायचं असतं, वाऱ्याच्या आडव्या दिशेने जायचं असतं, खिडक्यांच्या फटी ओल्या कापडाने बंद करायच्या असतात.

म्हणजे एकाच गावात एक भोंगा म्हणतो खाली जा आणि दुसरा म्हणतो वर जा. दोन्हींचा आवाज सामान्य माणसाला सारखाच वाटतो. हा फरक शिकवल्याशिवाय नुसते निवारे उघडणं मला जोखमीचं वाटतं, आणि निवारा हवाच म्हणणारी मीच हे लिहीत आहे. शाळेत मुलांना भूकंपात बाकाखाली बसायला शिकवतात, २००१ च्या प्रजासत्ताकदिनानंतर गुजरातमधल्या प्रत्येक मुलाला ते माहीत आहे. हा फरक शिकवायला एक तास पुरेल. कारखान्याच्या आवारात गळतीचा वेगळा इशारा असतो, कामगारांना तो पाठ असतो. भिंतीबाहेर राहणाऱ्या त्यांच्या बायकामुलांना नसतो. माझे बाबा तीस वर्षं कारखान्यात होते आणि आम्हाला तो फरक त्यांच्या निवृत्तीनंतर गप्पांच्या ओघात कळला.

आता आक्षेप. आजच्या क्षेपणास्त्रांपुढे फूटभर सिमेंट काय टिकणार, असं सभेतही म्हणाले. थेट वरच पडलं तर नाही टिकणार. पण बॉम्बहल्ल्यात बहुतेक माणसं थेट आघाताने मरत नाहीत. उडालेल्या काचा, पत्रे, धातूचे तुकडे, कोसळलेल्या भिंती यांनी मरतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्पेनमधल्या यादवी युद्धातले हल्ले डोळ्यांनी पाहून १९३८ मध्ये हेच हिशेबाने मांडलं आणि ब्रिटिश सरकारकडे लोकांसाठी खोल निवारे मागितले. सरकारने टाळाटाळ केली; लोक एकदा खाली गेले की कामावर वर येणारच नाहीत अशी भीती अधिकाऱ्यांना वाटत होती. १९४० च्या सप्टेंबरात बॉम्ब पडायला लागल्यावर लंडनच्या लोकांनी भुयारी रेल्वेची तिकिटं काढली, फलाटांवर पथाऱ्या पसरल्या आणि हलायला नकार दिला. सकाळी उठून मात्र ते कामावर गेले. हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. आज युक्रेनच्या खारकिवमध्ये २०२३ पासून मेट्रोच्या स्थानकांत शाळेचे वर्ग भरतात. तिथल्या आयांना विचारावं, भुयाराचा उपयोग आहे का.

जम्मूच्या सीमेवरच्या पाच जिल्ह्यांसाठी २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने १४,४६० बंकर मंजूर केले, ४१५ कोटींहून जास्त खर्च. घरगुती बंकर १६० चौरस फुटांचा, आठ जणांचा. सामाईक ८०० चौरस फुटांचा, चाळीस जणांचा. सीमेवरच्या माणसाला निवारा लागतो हे सरकार मानतं आणि पैसेही देतं. बडोद्याला तसे नवे बंकर बांधायला कुणी सांगत नाही, मीही मागत नाही. नदीकाठच्या भागात तर खणूच नये. माझी मागणी फार स्वस्त आहे. जे खणलेलंच आहे त्याची वही करा.

म्हणजे काय, ते स्पष्ट सांगते. महानगरपालिकेने शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक आणि व्यापारी तळघराची, जुन्या खंदकाची, भुयाराची नोंद करावी. वाटा किती आणि त्यांतल्या उघड्या किती. गेल्या पुरात पाणी कुठवर आलं. हवा कुठून येते. किल्ली कुणाकडे. ही जागा हल्ल्यात चालेल का, पुरात चालेल का, गळतीत तिचं तोंडही बघायचं नाही का. हे सगळं दारावर मोठ्या अक्षरांत गुजरातीत, मराठीत, हिंदीत लिहावं. आणि ज्याला ती जागा वापरायला द्यायची त्याच्याकडून दोनच अटी लिहून घ्याव्यात: दुसरी वाट बुजवायची नाही, आणि सांगितल्यावर इतक्या तासांत सामान बाहेर. मग तिथे कुणी पापड वाळवू दे, भजनी मंडळ बसू दे, ढोल-ताशाचं पथक सराव करू दे. ढोलवाल्यांना तर जमिनीखालची जागा मिळाली तर शेजारी दुवा देतील.

या मागणीला खर्च लागत नाही हा तिचा दुबळेपणाच आहे, हे मी अनुभवाने सांगते. एका कार्यालयात मी अर्ज घेऊन गेले. समोरच्या साहेबांनी आपुलकीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण यात काम काय काढायचं?" ज्याचं टेंडर निघत नाही ते काम कुणाच्या टेबलावर जायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. १९६८ चा नागरी संरक्षणाचा कायदा आहे, स्वयंसेवक आहेत, तालमीच्या दिवशी ते उन्हात उभे होते. त्यांच्या हातात शिट्टी होती. शहराच्या पोटात काय काय आहे त्याचा नकाशा असता तर बरं झालं असतं.

आमच्या वसाहतीची दुसरी सभा झाली. मी फार बोलले नाही. तिथे नेलेले फोटो फिरवले, त्या विटांचा शेवटी. टेकाड बुजवायचा ठराव पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलला गेला. रद्द झालेला नाही. पार्किंगची अडचण खरी आहे आणि ज्यांच्या मोटारी रस्त्यावर उभ्या राहतात त्यांचा राग मी समजू शकते.

पुढच्या रविवारी गवंडी बोलावला. तो आतल्या लोखंडी पायऱ्यांवर चढला, गिलावा खरवडला, छिन्नी लावली. पहिली वीट खाली पडली तेव्हा वरून माती आणि कडुलिंबाची मुळं आली. मुळं कापून, एकूण बावीस विटा काढून वरची लोखंडी झाकणी लागली, गंजून घट्ट झालेली. बाहेरून हरळी खणून दोघांनी पहारीने ती उचलली. आत उजेडाचा चौकोन पडला आणि बंद नळाखाली बसलेल्या आमच्या अंगावर वारा आला. नव्वदीचे काका बाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "निघाल्या का सगळ्या?"

गणपतीचं सामान आम्ही पुन्हा आतच ठेवलंय, पण पुढच्या बाजूच्या बाकांवर, वाट सोडून. किल्ल्या दोन केल्यात. एक पहारेकऱ्याकडे आहे, दुसरी जिन्याजवळच्या खिळ्याला. दारावर काय लिहायचं यावर अजून चर्चा चालू आहे. मी कागदावर लिहून दिलंय ते असं: 'चढत-उतरता भोंगा: खाली या. वास, धूर, डोळ्यांची आग: इथे येऊ नका, वर जा.' गुजराती मजकूर शेजारच्या मुलीने सुधारून दिलाय. रंगारी शनिवारी येणार आहे.